विरळ हवेतील ठिणगी

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पूर्व कडेस, पाइक्स पीक नावाचे १४,११५ फूट उंचीचे जे शिखर आहे, त्याच्या माथ्यावर १९०१ साली पोचलेली पहिली मोटारगाडी पेट्रोलची नसून वाफेची होती, ही गोष्ट सहसा एका ओळीत उरकली जाते. मला मात्र पुढील साऱ्या कथेचे मर्म तीतच दिसते. वाफेच्या यंत्रात अग्नी अखंड पेटलेला असतो, ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडावी हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. पेट्रोलच्या इंजिनाचा सारा कारभार त्या एका क्षणाच्या स्वाधीन असतो.

दट्ट्या वर येऊन मिश्रण दाबतो खरा, परंतु ज्योत सर्वत्र पसरावयास काही काळ लागतोच. म्हणून दट्ट्या माथ्यास भिडण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. समुद्रसपाटीवर जुळविलेली ही वेळ पर्वतावर चुकते. पाइक्स पीकवर हवेचा दाब खालच्या दाबाच्या जेमतेम तीन-पंचमांश उरतो, सिलिंडरात मिश्रण विरळ भरते, त्यात आधीच्या ज्वलनाचा शेष वायू प्रमाणाने अधिक मिसळतो आणि ज्योत मंदावते. अशा वेळी टायमिंग आणखी पुढे न घेतल्यास, म्हणजे ठिणगी आणखी आधी न पाडल्यास, दट्ट्या परतीस लागल्यावर जळण ऐन भरात येते आणि पुष्कळशी उष्णता कामी न येता एक्झॉस्टवाटे निघून जाते. त्यातच कार्बोरेटरचा हिशेब बिघडतो, कारण हवा ज्या मानाने घटते त्या मानाने पेट्रोल घटत नाही. मिश्रण गाढे होऊन प्लगवर काजळी धरते, आणि पाणी सुमारे ८६ अंशांवरच उकळू लागल्याने जुन्या, उघड्या धाटणीचे रेडिएटर चढावर फुसफुसू लागतात. कार्बोरेटरची बुलेट ज्यांनी पुण्या-मुंबईहून नेऊन झोजीलावर चढविली आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

खाणींच्या व्यवहारात गबर झालेल्या स्पेन्सर पेनरोझने शिखरापर्यंत मोटाररस्ता बांधविला आणि ऑगस्ट १९१६ मध्ये त्यावर पहिली शर्यत भरविली. हेतू उघड होता: कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावाकडे प्रवासी ओढावे. परंतु सुमारे साडेबारा मैलांची ही वाट सुरुवातीसच ९,००० फुटांच्या वर असून तेथून आणखी जवळजवळ मैलभर उंच चढते. म्हणजे एकाच धावेत हवा बदलत जाते आणि पायथ्याशी उत्तम लागलेले टायमिंग माथ्यावर मागासलेले ठरते. त्या काळच्या गाड्यांत ठिणगी मागेपुढे करण्याचा दांडा चालकाच्या हाताशीच असे (फोर्डच्या मॉडेल टीत तो सुकाणूच्या डावीकडे होता), आणि निष्णात चालक इंजिनाचा आवाज ऐकून तो सरकवीत.

या रस्त्याचा खरा उपयोग मात्र शर्यतीहून निराळाच झाला. १९१८ मध्ये, महायुद्ध चालू असताना, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने बारा सिलिंडरांचे लिबर्टी विमान-इंजिन मालमोटारीवर लादून शिखरावर नेले. विमानात बसून जे मोजणे दुर्घट होते, ते पर्वताच्या माथ्यावर पाय रोवून मोजता येणार होते. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथे २३० वर उतरले. मग एक्झॉस्टच्या वायूवर फिरून आत येणारी हवा कोंबणारा टर्बो जोडताच आकडा ३५६ वर गेला. मला या प्रयोगातील विचाराची दिशा आकड्यांहून अधिक मोलाची वाटते: चालक हवेस अनुसरून ठिणगीची वेळ बदलीत होता, मॉसने ठिणगीस मानवेल अशी हवाच तयार करून दिली. उंच उडणाऱ्या विमानांस पुढे आणखी एक विघ्न आले. विरळ हवा विजेस नीट अडवीत नाही, त्यामुळे ठिणगी प्लगवर न पडता तिची वीज पुरविणाऱ्या मॅग्नेटोच्या आतच उडे. तेव्हा मॅग्नेटोच्या कोठडीतही दाबाची हवा भरण्याची तजवीज करावी लागली.

जमिनीवरच्या गाड्यांत दांड्याची जागा पुढे स्वयंचलित योजनांनी घेतली, आणि येथे एक गंमत घडली. इंजिनाच्या शोषणाने ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर फिरविणारा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स बाहेरची हवा व आतील पोकळी यांच्या दाबांतील फरकावर चालतो. उंचीवर तो फरकच आटतो, आणि ठिणगी अधिक आधी हवी असते नेमकी तेव्हाच हे साधन हात आखडते घेते. जुन्या चालकाचा कान या बाबतीत यंत्राहून भरवशाचा होता. १९७७ सालच्या गाड्यांसाठी अमेरिकन सरकारने हुकूम काढला की, ४,००० फुटांवरील मुलखात विकल्या जाणाऱ्या गाड्यांचा धूर त्या उंचीवरही मर्यादेत राहिला पाहिजे. तेव्हा उंचीच्या हिशेबाकडे कारखानदारांचे लक्ष सक्तीने वेधले गेले. कालांतराने हवेचा दाब मोजून टायमिंग व पेट्रोल दोन्ही ठरविणारा संगणक बसला.

विरळ हवेने पेट्रोलवरही आपला शिक्का उठविला. सिलिंडरात दाब कमी भरत असल्याने पर्वतावर इंजिन सहसा ठोकत नाही, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप भडकत नाही, म्हणून अमेरिकेत इतरत्र साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे असता कोलोरॅडोत ८५ चे विकण्याचा रिवाज कार्बोरेटरच्या जमान्यात पडला. आता गाडीतील संगणक विरळ हवेत ठिणगी आपणच पुढे घेतो आणि इंजिनास ठोकण्याच्या सीमेपर्यंत नेतो, टर्बो तर हवेची वाण भरूनच काढतो. तेव्हा जुनी सवलत निराधार झाली असून अमेरिकेचे पर्यावरण खातेही नव्या गाड्यांत ८५ भरू नये असेच सांगते. पंपांवर तो आकडा अद्याप आहे, आणि दोन पैसे वाचतात म्हणून त्यास गिऱ्हाईकही आहे.