वाळूवरची मोटार

मोटारीचा इतिहास म्हणजे मोठमोठ्या कारखान्यांचा इतिहास, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु त्यातील एक लहानसे प्रकरण कारखान्याबाहेर, एका गराजमध्ये घडले. ते वाळूवर चालणाऱ्या 'बगी'चे होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील पिस्मो बीचच्या वालुकाटेकड्यांवर हौशी मंडळी मोटारी पळवू लागली. जुन्या मोटारीचा सांगाडा तेवढा ठेवावयाचा, त्यावर अवजड, पाण्याने थंड होणारे इंजिन चढवावयाचे आणि केवळ शक्तीच्या जोरावर वाळू तुडवीत जावयाचे, अशी त्यांची रीत होती. पण वाळूपुढे शक्तीचा गर्व चालत नाही. जो भार घालतो तो रुततो, हलका असतो तो तरून जातो. जर्मनीच्या फोक्सवॅगन 'बीटल' मोटारीने हेच दाखवून दिले. तिचे इंजिन हलके, हवेने थंड होणारे आणि मागल्या चाकांवर भार देणारे. शिवाय वरची काया बोल्ट काढून तळापासून वेगळी करता येत असे. साहजिकच अनेकांनी ती काया उतरवून नुसता तळ वाळूवर पळविला.

ब्रूस मायर्स याने हे सारे पाहिले. तो चित्रकला शिकलेला आणि काचतंतूंच्या होड्या बांधणारा कारागीर होता. राळेत भिजविलेले काचतंतू साच्यावर थरावर थर बसविले म्हणजे हलके पण मजबूत कवच तयार होते, ही होडीची विद्या त्याने मोटारीस लावली. १९६४ साली न्यूपोर्ट बीच येथील त्याच्या गराजमधून पहिली लाल बगी बाहेर पडली. शेपूट नसलेल्या मांजरावरून तिला 'मँक्स' हे नाव मिळाले. पहिल्या काही गाड्यांनंतर त्याने बीटलचाच तळ साडेचौदा इंचांनी आखूड करून वापरला, त्यामुळे खर्च उतरला.

१९६७ च्या एप्रिलमध्ये मायर्स व टेड मँगल्स यांनी मेक्सिकोतील ला पाझ ते तिहुआना हा बव्हंशी कच्च्या वाटेचा प्रवास पस्तीस तासांच्या आत पुरा केला. मोटारसायकलींचा त्यापूर्वीचा विक्रम जवळजवळ चाळीस तासांचा होता. मागणीचा पूर लोटला आणि त्याबरोबर नकलांचाही. मायर्सने पेटंटच्या आधारे न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने ते पेटंट अमान्य ठरविले. १९७१ साली त्याची मूळ कंपनी बंद पडली. तिने पाचसहा हजार गाड्यांचे संच विकले होते. नकलांची संख्या त्याच्या कितीतरी पट भरते.

या निकालाकडे कसे पाहावे? मायर्सवर अन्याय झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. साच्यामागची दृष्टी निःसंशय त्याची होती. पण तळ फोक्सवॅगनचा, काया उतरविण्याची युक्ती अनामिक हौशी लोकांची, काचतंतूंची विद्या नावाड्यांची! सामायिक विहिरीतून एकाने उत्तम पाणी शेंदले, म्हणून विहीर त्याची होत नाही. मात्र शेंदणाऱ्याचे श्रम विसरणे हीही कृतघ्नताच. कायदा मालकी ठरवितो, श्रेय ठरवीत नाही. ते काम इतिहासाचे आहे, आणि ते त्याने उशिरा का होईना केले. २०१४ साली ती पहिली लाल बगी अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत समाविष्ट झाली. २०२१ साली मायर्स निवर्तला, तत्पूर्वी हा मान त्याने डोळ्यांनी पाहिला होता.