गिरणीच्या फाटकापासून भाड्याच्या खोलीपर्यंत

सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने पाच मागण्यांचा अर्ज तयार झाला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी इतिहासाने लक्षात ठेवली, पाचवी मागणी मात्र मागे पडली. काम करताना जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला होता. ज्याला आज कंत्राटदार आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी ‘डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी’ म्हणतात, त्या विम्याचे मूळ या काळात आहे. मुंबईच्या ट्रॉम्बेत दोन-चार खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकाला ही पॉलिसी कारखानदारांची भानगड वाटते. पण तिचा इतिहास नीट पाहिला तर ती गिरणीच्या फाटकापासून हळूहळू त्याच्याच जिन्यापर्यंत येऊन ठेपलेली दिसते. हा प्रवास अपघाताने झालेला नाही. ज्याच्या लाभासाठी काम चालते, त्या कामातला धोकाही त्याच्याच हिशेबात धरायचा, या एकाच तत्त्वाचा तो क्रमाक्रमाने झालेला विस्तार आहे.

भरपाईचा विचार आधी नव्हता असे नाही. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याने मृताच्या वारसांना दावा लावता येत होता, पण मालकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच होती. शिवाय इंग्लंडमध्ये १८३७ पासून न्यायालये असे धरून चालत होती, की सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. नोकरी धरतानाच कामगाराने तो धोका पत्करलेला असतो. परांची दुसऱ्याने सैल बांधली आणि तुम्ही पडलात, तर मालक मोकळा. १८९७ च्या ब्रिटिश कायद्याने ठरावीक धंद्यांपुरता हा प्रश्न उलटा केला. चूक कोणाची हे विचारायचे नाही, अपघात कामातून आणि कामाच्या ओघात घडला का एवढेच पाहायचे. भारताचा १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा याच धाटणीचा होता आणि तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याने विमा सक्तीचा केला नाही, पण विमा गृहीत मात्र धरला: मालकाचे दिवाळे निघाले तर विमा कंपनीकडून येणे असलेला त्याचा हक्क कामगाराकडे जाईल, अशी तरतूद १४ व्या कलमात केली. खिसा रिकामा असलेल्या मालकाची जबाबदारी कागदावरच राहते, हे कायदा करणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते.

घरमालक या चौकटीत आला तो १९२३ च्या कायद्याच्या अनुसूचीच्या वाटेने. एका मजल्याहून उंच, किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत बारा फूट अथवा अधिक उंच असलेल्या इमारतीचे बांधकाम, देखभाल, दुरुस्ती किंवा पाडकाम करणारा कामगार या कायद्याच्या कक्षेत येत असे. बारा फूट म्हणजे पोटमाळ्याची साधी खोलीसुद्धा सुटणे कठीण. इमारतीच्या मालकावर हा कायदा कसा चालत असे, याचे गाजलेले उदाहरण प्रताप नारायण सिंग देव खटल्याचे आहे. चित्रपटगृहात सजावटीचे लाकूडकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये कायम केला आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते असे ठरवले. तरीही छोट्या मालकाला एक पळवाट होती. काम तात्पुरते असेल आणि मालकाच्या धंद्यासाठी नसेल, तर असा कामगार मूळ व्याख्येतूनच वगळला होता. २००० च्या दुरुस्तीने हे वगळणे काढून टाकले. नाक्यावरून एका दिवसासाठी बोलावलेला बिगारी त्या दुरुस्तीनंतर ‘तात्पुरता’ म्हणून कायद्याबाहेर राहिला नाही.

ट्रॉम्बेत या बदलाचे वजन अधिक आहे. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. त्याची हद्द उपनगरात पोहोचत नाही. भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्तीचे कर्तव्य मालकावर टाकलेले आहे, म्हणून पायलीपाड्यात किंवा चीता कॅम्पमध्ये पत्रा गळला, टाकी फुटली की कामगार मालकच शोधून आणतो. याच परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना आणि औष्णिक वीज केंद्र आहे. अशा मोठ्या कारखान्यांत कंत्राटदाराने विम्याचे किंवा ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) कागद दाखवल्याशिवाय त्याच्या माणसांना आत घेत नाहीत. तोच वेल्डर रविवारी बाहेरच्या चाळीच्या जिन्याला कठडा लावतो तेव्हा कागद कोणी विचारत नाही. त्याची किंमत जवळच्या गोवंडीने पाहिली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या एका गृहनिर्माण सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार दगावले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये सरकारने द्यावेत आणि मग जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावेत असा आदेश दिला. हा आदेश हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या आधारे झाला. पण मधली पावणेदोन वर्षे त्या घरांनी कशी काढली असतील, हा प्रश्न भरपाईच्या साऱ्या इतिहासाचाच आहे.

घरमालकाने विमा घ्यावा, यावर पहिला आक्षेप असा, की काम कंत्राटदाराला दिले, तेव्हा मालकाचा काय संबंध? १९२३ च्या कायद्याचे १२ वे कलम सांगत होते, की आपल्या व्यापार-धंद्यासाठी कंत्राट देणाऱ्या मुख्य मालकाकडून कामगाराला भरपाई घेता येते आणि मालकाने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. दोन खोल्यांचे भाडे म्हणजे धंदा का, यावर वाद घालता येईल, आणि स्वतःच ठेका घेणारा रंगारी कर्मचारी ठरत नाही हेही खरे. पण ज्या प्रश्नाचा निकाल भरपाई आयुक्तांसमोरच लागायचा, त्यावर भरवसा ठेवून निर्धास्त राहणे शहाणपणाचे नाही. दुसरा आक्षेप कामगाराच्या निष्काळजीपणाचा. नशा किंवा हेतुपुरस्सर नियमभंग हा बचाव मृत्यू आणि कायमचे पूर्ण अपंगत्व या दोन प्रसंगी चालत नाही. विम्यामुळे मालकच बेफिकीर होईल, हा तिसरा आक्षेप. भरपाई थकवली तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड होतो, आणि तो विमा कंपनीवर टाकता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये वेदप्रकाश गर्ग खटल्यात स्पष्ट केले. विमा मालकाची जबाबदारी पेलतो, हलगर्जीपणा झाकत नाही.

उरला परवडण्याचा आक्षेप, आणि तोच खरे तर विम्याच्या बाजूने बोलतो. २०२० पासून भरपाईसाठी धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा १५,००० रुपये झाली. तीस वर्षांच्या कामगाराचा मृत्यू झाला, तर वेतनाच्या निम्म्याला २०७.९८ या गुणकाने गुणायचे: १५,५९,८५० रुपये. ही रक्कम मोठ्या कंपनीला झेपते. निवृत्तीच्या पैशातून दोन खोल्या बांधणाऱ्याला मात्र ती घर विकायला लावील. हप्ता मजुरीच्या रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो, म्हणून चार दिवसांच्या दुरुस्तीपुरता तो खर्चातला लहानसा भाग असतो. पॉलिसी कंत्राटदाराची असेल, तर तिच्यात आपल्या कामाचा पत्ता, तारखा आणि माणसांची संख्या आहे का, हे पाहणे मालकाचे काम. २१ नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू होऊन १९२३ चा कायदा तिच्यात सामावला गेला. भरपाईचे तत्त्व मात्र तेच राहिले. आता एवढेच बाकी आहे, की सोसायट्यांनी आणि घरमालकांनी सिमेंट-रंगाच्या अंदाजपत्रकात विम्याची एक ओळ घालावी. लोखंड्यांची पाचवी मागणी मालकाच्या दयेवर सोडायची नसेल, तर तिची तजवीज काम सुरू होण्याआधीच व्हायला हवी.