पाऱ्याला पाऱ्यानेच पकडले

सांडलेला पारा डोळ्यांना दिसतो, त्याची वाफ दिसत नाही. तिला रंग नाही, वास नाही. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे १३ मिलिग्रॅम पारा वाफ होऊन राहू शकतो. कामाच्या जागी ०.०२५ मिलिग्रॅमच्या वर तो नको, अशी अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची शिफारस आहे. मर्यादा पाचशे पटींनी ओलांडली तरी नाकाला पत्ता लागत नाही! जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे ही वाफ हुंगली. डोकेदुखी, विस्मरण सोसले आणि १९२६ मध्ये लेख लिहून सहकाऱ्यांना सावध केले.

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात. पाऱ्याचा दिवा पेटला की २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण बाहेर पडतात आणि पाऱ्याची वाफ नेमके तेच किरण गिळते. जो पदार्थ जो प्रकाश देतो तोच शोषतो, हे भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफ यांनी १८५९ मध्येच दाखवले होते. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट वूड यांनी असा प्रकाश चमकणाऱ्या पडद्यावर पाडला. मध्ये पाऱ्याचा थेंब धरला, की त्यातून उठणाऱ्या अदृश्य वाफेची सावली धुरासारखी पडद्यावर दिसे. मोजमाप नव्हते, पण मूळ कल्पना तिथेच आहे.

मोजण्याची निकड कारखान्यातून आली. जनरल इलेक्ट्रिक कंपनी पाण्याऐवजी पारा उकळून वीज करणारी जनित्रे उभारत होती. त्यांची गळती कामगारांच्या जिवावर बेतणारी. याच कंपनीतल्या वुडसन यांनी १९३९ मध्ये यंत्र प्रसिद्ध केले : एका टोकाला पाऱ्याचा दिवा, मध्ये हवेची नळी, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा फोटोसेल. प्रकाश जितका घटला तितका पारा जास्त. अशा यंत्राची खोड एकच, पण मोठी : बेंझीन आणि ओझोनही हे किरण शोषतात, आणि यंत्र त्यांनाही पारा समजते.

इतर धातूंचे सुटे अणू मिळवायला ज्वाळा लागते. पारा नेहमीच्या तापमानालाच सुट्या अणूंची वाफ होतो. याचाच फायदा १९६८ मध्ये हॅच आणि ऑट या संशोधकांनी घेतला. नमुन्यातला पारा कथिलाच्या क्षाराने मोकळा करायचा, हवेच्या बुडबुड्यांबरोबर बाहेर काढायचा आणि दिव्यासमोरून न्यायचा. पाण्यातला पारा तपासण्याच्या अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या २४५.१ क्रमांकाच्या पद्धतीत हीच २५३.७ नॅनोमीटरची तरंगलांबी वापरतात.