अर्जुन ते खेलरत्न: राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार कोणाला मिळतात, कसे मिळतात?

राष्ट्रपती भवनातल्या पुरस्कार सोहळ्याचे फोटो दरवर्षी मोबाईलवर फिरतात. मग बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावातही विचारलं जातं, हे पुरस्कार देतं कोण आणि आपल्या पोट्ट्यांना ते कधी मिळतील का? पालकांच्या मनातल्या या प्रश्नाचं उत्तर आम्ही इथे देत आहोत.

यातला खेळाडूंसाठीचा सर्वांत जुना पुरस्कार अर्जुन. तो 1961 साली सुरू झाला. पहिल्याच यादीत सांगलीचे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर होते आणि सलीम दुराणीही होते. अर्जुन मिळवणारे दुराणी हे पहिले क्रिकेटपटू. खेलरत्न त्याच्याही वरचा सन्मान. 1991-92 पासून तो दिला जातो आणि पहिला मानकरी बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद. 2021 मध्ये त्याला हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांचं नाव दिलं गेलं. 2020 पासून खेलरत्नासोबत 25 लाख आणि अर्जुनसोबत 15 लाख रुपये मिळतात. प्रशिक्षकांसाठी 1985 पासून द्रोणाचार्य पुरस्कार आहे.

आणखी एक सन्मान आपल्या लोकांना फारसा ठाऊक नसतो. देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाची ट्रॉफी 1956-57 पासून दिली जाते, म्हणजे अर्जुनच्याही आधीपासून. ती एका खेळाडूला मिळत नाही, खेळात अव्वल ठरलेल्या विद्यापीठाला मिळते. यवतमाळ जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तेव्हा इथल्या कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी आंतरविद्यापीठ स्पर्धेत पदक आणते, तेव्हा ते मौलानांच्या ट्रॉफीच्या हिशोबात जमा होतं.

आता निवडीबद्दल. अर्जुनसाठी मागच्या चार वर्षांतली सातत्याची कामगिरी पाहतात. ऑलिम्पिक, जागतिक स्पर्धा, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धांतल्या पदकांना सर्वाधिक वजन असतं. नेतृत्व, खिलाडूवृत्ती आणि शिस्तही बघितली जाते. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात शिक्षा सुरू असेल तर नाव बाद. गावातले, जिल्ह्यातले कप इथे मोजले जात नाहीत, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. निवड समिती नावांची शिफारस करते, पण त्याआधी सहसा अर्ज आलेला असावा लागतो. पूर्वी सगळी भिस्त क्रीडा संघटनांच्या शिफारशीवर होती, आता खेळाडू स्वतः ऑनलाइन अर्ज भरू शकतो.

हा अर्ज किती महत्त्वाचा, ते डिसेंबर 2024 मध्ये दिसलं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन पदकं जिंकलेल्या नेमबाज मनू भाकरचं नाव खेलरत्नाच्या यादीत नसल्याच्या बातम्या आल्या. अर्ज भरताना कदाचित आपल्याकडूनच काही राहून गेलं असावं, असं तिने स्वतःच जाहीर केलं. पुढे 17 जानेवारी 2025 ला तिला खेलरत्न मिळालं.

त्याच सोहळ्यात मुरलीकांत पेटकर यांना अर्जुन जीवनगौरव मिळाला. मूळ सांगली जिल्ह्यातल्या या जवानाने 1972 च्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात सुवर्ण जिंकलं होतं. म्हणजे अर्जुन यायला बावन्न वर्षं लागली. खाशाबा जाधवांच्या नशिबी तर तेही नव्हतं. 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्य आणणारे खाशाबा 1984 मध्ये गेले, आणि अर्जुन त्यांना मरणोत्तर मिळाला. ही दिरंगाई आम्हाला माफ करण्यासारखी वाटत नाही.

आपल्या घरांतल्या मुलांना सांगण्यासारखी नावं बरीच आहेत. झहीर खान श्रीरामपूरचा, मराठी शाळेत शिकलेला. 2011 चा विश्वचषक त्याने गाजवला, 21 बळी घेतले आणि त्याच वर्षी अर्जुन मिळवला. मोहम्मद शमीला 9 जानेवारी 2024 ला अर्जुन मिळाला, त्याची बातमी सगळीकडे झाली. पण त्याच दिवशी, त्याच दालनात दिल्लीच्या नसरीन शेखलाही खो-खोसाठी अर्जुन मिळाला, त्याकडे आपल्यापैकी किती जणांचं लक्ष गेलं? तिचे वडील भांडी विकून घर चालवायचे. मोठं कुटुंब, हात आखडता. तरीही ती भारतीय संघाची कर्णधार झाली. याच खेळात धाराशिवच्या सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन मिळाला होता. खो-खोला बॅट लागत नाही, किट लागत नाही. दोन खांब आणि जिल्हा परिषद शाळेचं मैदान पुरतं. नांदेडपासून फार दूर नसलेल्या निजामाबादची निखत झरीन तर बॉक्सर. तिला रिंगणात आणलं तिच्या वडिलांनी. पुढे ती दोनदा जगज्जेती झाली, 2022 चा अर्जुन तिच्या नावावर आहे. मुलगी आठवीत गेली की मैदान बंद, असं ठरवणाऱ्या घरांनी या वडिलांकडे एकदा बघावं.

बाभुळगावातून सुरुवात कुठून? शालेय क्रीडा स्पर्धांतून. 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट असतात. आधी तालुका, मग यवतमाळला जिल्हा, अमरावतीला विभाग, पुढे राज्य आणि राष्ट्रीय. अर्जुनपर्यंत फार थोडे पोचतात, पण वाटेतही बरंच मिळतं. ठरलेल्या स्तरावर खेळलेल्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण असतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. राज्याचा शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार वेगळाच.

त्यासाठी प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. नावाकडे विशेष लक्ष द्या. विदर्भात आपल्याकडे ‘शेख रहीम शेख करीम’ असं नाव लिहायची पद्धत आहे. शाळेच्या दाखल्यावर ते एक, आधारवर दुसरं आणि स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर तिसरंच, असं सर्रास होतं. नोकरीच्या वेळी क्रीडा खात्याकडून पडताळणी होते तेव्हा फरक पडलेला कागद अडकतो. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघड झाल्यापासून ही तपासणी कडक आहे. पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका. आणि स्पर्धेच्या प्रवेशिकेवर मुलाचं नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना, हे खेळाच्या सरांना अर्ज जाण्याआधीच विचारा.