पाटीमागचा ड्रायव्हर

लालबाग-परळकडच्या एखाद्या जुन्या माणसाला ‘मी ड्रायव्हर लिहितो’ असं सांगून बघा. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कुठला डेपो?’ मग खुलासा करावा लागतो, की गाडीतल्या स्क्रीनमागे एक छोटासा प्रोग्रॅम असतो, कुठला ठिपका कधी पेटवायचा ते तो हार्डवेअरला सांगतो, आणि त्याला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. गाडीत त्याचे फारसे लाड होत नाहीत. मेमरी कमी, उन्हाने तापलेला डबा, आणि चावी फिरवली की चित्र लगेच हवं. अमेरिकेत तर मे २०१८ पासून नव्या मोटारींना नियमच आहे की रिव्हर्स गियर टाकल्यावर २ सेकंदांत मागचं चित्र दिसलं पाहिजे.

पण मंडळी, आजचा विषय मोटारी नाहीत. विषय आहे बसच्या कपाळावरची पाटी.

मुंबईत घोड्यांची ट्राम आली १८७४ साली, विजेची १९०७ साली. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. दादरची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली. या सगळ्या काळात गाडी कुठे चालली आहे ते सांगायचं काम रंगवलेल्या पाट्या आणि कापडी रोल करायचे. रोल फिरवला की पुढचं नाव. बेस्टच्या बसवर पुढे नंबर मराठी आकड्यांत आणि इंग्रजी पाटी बाजूला, ही तर या शहराची खूणच. बाहेरगावचे पाहुणे बुचकळ्यात पडायचे खरे, पण गिरणीत पाळीला निघालेल्या ज्या माणसाला फक्त मराठी वाचता येत होतं, त्याची बस लांबूनच ओळखू यायची.

या व्यवस्थेत एक गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नव्हती. मराठी कसं जोडायचं हे ज्ञान पेंटरच्या हातात होतं. वेलांटी आधी काढायची, रफार शेवटी द्यायचा, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

मग कॉम्प्युटर आले. सुरुवातीच्या पीसीचा टेक्स्ट मोड म्हणजे ८० रकाने, २५ ओळी आणि २५६ ठरावीक चिन्हं. त्यात देवनागरी बसवायची कशी? यावरचं आपल्याकडचं गाजलेलं उत्तर म्हणजे जिस्ट. मूळ काम आयआयटी कानपूरचं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं. पीसीच्या स्लॉटमध्ये एक कार्ड खोचायचं, की डॉसवरच्या प्रोग्रॅममध्ये मराठी दिसायला लागायचं. त्याच सुमारास इस्की हे मानक आलं, १९९१ला ते आयएस १३१९४ झालं, आणि युनिकोडची देवनागरीही त्याच वळणावर बेतली गेली. त्यातला मुख्य निर्णय असा की अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवायची, ती दिसतात कशी ते दाखवणाऱ्याने बघायचं.

निर्णय उत्तम होता. शोधणं आणि क्रमाने लावणं सोपं झालं. पण पेंटरच्या हातातलं ज्ञान आता दाखवणाऱ्या यंत्रात असायलाच हवं, ही अट त्यातच आली. आणि गाडीवरच्या पाटीतलं यंत्र सगळ्यात गरीब!

आपल्या वेस्टर्न लाइनचीच परीक्षा घेऊ. ‘चर्चगेट’: र् साठवलाय दुसऱ्या च च्या आधी, पण काढायचा त्याच्या डोक्यावर. ‘चर्नी रोड’: पुन्हा रफार, शेजारी दीर्घ वेलांटी. आणि पेपरातला शेवटचा, कठीण प्रश्न म्हणजे ‘एल्फिन्स्टन रोड’. इथे वेलांटी फ च्या नंतर साठवलेली असते, पण काढताना फ च्याच नव्हे, अर्ध्या ल च्याही आधी उडी मारते. (जुलै २०१८ला स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं आणि हा प्रश्न ऑप्शनला गेला.) जागेचाही प्रश्न आहेच. इंग्रजी अक्षर ५ बाय ७ ठिपक्यांत मावतं. आपल्याला शिरोरेघेच्या वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. ७ ओळींत कसं होणार?

यावरची साधी पळवाट अशी की नाव अक्षरांत साठवायचंच नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्याचं चित्र बनवायचं आणि ते पाटीत भरायचं. ड्रायव्हर बिचारा ठिपके पेटवतो, मराठी त्याला माहीतच नाही. ठरलेल्या थांब्यांसाठी हे झकास चालतं. पण विसर्जनाच्या दिवशी लालबागचा रस्ता बंद असतो, बस दुसरीकडून वळते, तेव्हा ऐनवेळचं चित्र कोण काढणार? मजकूर टाइप करावा लागतो, आणि जे यंत्र फक्त चित्रं दाखवू शकतं तिथे टाइप होतं ते इंग्रजी. मराठी नको असं कुणी ठरवलेलं नसतं. तिची जबाबदारी कुठल्याच थरावर दिलेली नसते, एवढंच. ज्या दिवशी माणसाला पाटीची खरी गरज असते, नेमकी त्याच दिवशी त्याची भाषा गायब!

आज उपाय फुकट उपलब्ध आहे. हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी हे वेलांटी-रफाराचं गणित करते, आणि अँड्रॉइडपासून फायरफॉक्सपर्यंत सगळे तीच वापरतात. ती ड्रायव्हरच्या वरच्या थरात बसते. छोट्या पाटीतही तिला जागा देता येते, फक्त सिस्टिमची आखणी करतानाच तसं ठरवावं लागतं. टेंडरमध्ये ‘मराठी डिस्प्ले’ एवढं लिहून भागत नाही. ‘ऐनवेळी टाइप केलेलं मराठी शुद्ध दिसलं पाहिजे’ असं लिहावं लागतं. फरक एका वाक्याचा आहे.

ऑक्टोबर २०२५ला मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पोचली आणि गिरगावला स्वतःचं स्टेशन मिळालं. तिथून जाताना नाव बघाच, पण त्यापेक्षा गाडी रखडली की स्क्रीनवर येणारी सूचना बघा. ती कुठल्या भाषेत येते आणि वेलांटी जागेवर आहे का, एवढ्यावरून मागचा ड्रायव्हर कुणाचा विचार करून लिहिलाय ते कळतं.