परेटो वितरण : जाड शेपटीचे गणित

माणसांची उंची सरासरीभोवती घुटमळते. संपत्ती तसे करीत नाही. इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो परेटो (१८४८–१९२३) यांनी उत्पन्नाच्या आकडेवारीवरून मांडलेल्या या संभाव्यता-वितरणाची ‘शेपटी’ जाड असते. म्हणजे अतिविशाल मूल्ये विरळ असली तरी नगण्य नसतात. घातांक २ असल्यास रक्कम दसपट केली तरी ती ओलांडण्याची शक्यता शतांश उरते. घंटाकृती वितरणात ती केव्हाच शून्यवत झाली असती. घातांक १ किंवा त्याहून कमी असेल तर सरासरीच अनंत ठरते. अशा वेळी मागील दाव्यांच्या सरासरीवर हप्ता बेतणारी विमा कंपनी एका महापुरात बुडू शकते. म्हणून पुनर्विम्यात ठरावीक मर्यादेपलीकडचे दावे वेगळे काढून त्यांवरूनच घातांक काढतात. असे दावे मुळात थोडे, त्यामुळे हा अंदाज डळमळीतच राहतो.