रेघ कुणी मारायची?

प्रोजेक्टच्या निमित्ताने वर्षभर ऑस्टिनला होतो. टेक्सासची ही राजधानी आपल्या आयटीवाल्यांना काही नवीन नाही. रोज ऑफिसला जाताना इंटरस्टेट ३५ हा हायवे ओलांडायचो. तेव्हा टीममधला एक जण सहज म्हणाला, "हा नुसता रस्ता नाही, सीमा आहे." डोक्यात किडा वळवळला आणि पुढचे दोन-तीन वीकेंड त्यातच गेले. म्हणून हा लेखनप्रपंच.

तर गोष्ट सुरू होते १९२८ मध्ये. कोच अँड फाउलर नावाच्या कंपनीने ऑस्टिनचा विकास आराखडा केला. त्यात सरळ शिफारस होती की काळ्या लोकांसाठी शहराच्या पूर्वेला वेगळा भाग ठेवावा. जबरदस्तीचा कायदा नाही, फक्त त्यांच्या शाळा आणि बागा तिकडेच द्यायच्या. मुलांना शाळेत घालायचंय? मग जा पूर्वेला! त्या भागाच्या कडेचा ईस्ट अव्हेन्यू पुढे १९६०च्या दशकात हायवे झाला. तोच माझा रोजचा रस्ता.

आता निवडणुकीचं गणित बघा. ऑस्टिनमध्ये वॉर्ड नव्हते. अख्खं शहर सगळे नगरसेवक निवडायचं. समजा १०० मतदार आहेत, जागा ५, आणि ६० जण एका बाजूला. वॉर्ड असते तर ४० जणांना एक-दोन जागा मिळाल्या असत्या. पण सगळे मिळून सगळ्यांना निवडणार असतील, तर ६० जण पाचही जागा खिशात घालतात. मत सगळ्यांना आहे, पण उपयोग काहींनाच.

यावर एक तोड होती. पहिले पाच निवडून येतात ना? मग आपल्या लोकांनी बाकीची मतं वाया घालवायची आणि एकालाच मत द्यायचं. १९५१ मध्ये आर्थर डीविटी हा काळा उमेदवार असाच अगदी काठावर पोचला होता. दोनच वर्षांत, १९५३ मध्ये, नियम बदलला! प्रत्येक जागेची वेगळी निवडणूक आणि जिंकायला निम्म्याहून जास्त मतं. बग सापडला की लगेच पॅच, पण कुणाच्या सोयीचा?

पुढे १९७१ मध्ये बर्ल हँडकॉक्स आणि १९७५ मध्ये जॉन ट्रेविनो निवडून आले. मग एक अलिखित 'सभ्य गृहस्थांचा करार' रूढ झाला. एक जागा काळ्या उमेदवाराला, एक मेक्सिकन-अमेरिकन उमेदवाराला. ऐकायला बरं वाटतं, पण त्या जागेवर कोण बसणार हे ठरवणारी मतं मात्र सगळ्या शहराची. काहींनी कोर्टात दाद मागितली. १९८९ मध्ये ते हरले, कारण 'तुमची माणसं निवडून येतायत की' हाच मुद्दा त्यांच्यावर उलटला. वॉर्ड करण्याचे प्रस्तावही १९७३ ते २००२ या काळात मतदानात सहा वेळा पडले.

शेवटी नोव्हेंबर २०१२ मध्ये साठेक टक्के मतांनी ठरलं: दहा वॉर्ड आणि एक महापौर. खरी गंमत पुढे आहे. नकाशा नगरसेवकांनी काढायचाच नाही! अर्जदारांतून तीन सीएंच्या समितीने ६० नावं निवडायची. प्रत्येक नगरसेवक त्यातलं फक्त एक नाव खोडू शकतो. मग चिठ्ठ्या टाकून आठ जण, आणि त्या आठांनी निवडलेले आणखी सहा. एकूण १४ सामान्य नागरिक. लॉबिस्ट नको, महापालिकेचे नोकर नकोत, आणि या चौदांना पुढची दहा वर्षं नगरसेवकपदाला उभं राहता येणार नाही. कुठला उमेदवार कुठे राहतो हे नकाशा काढताना बघायचंही नाही.

या मंडळींनी शहरभर सुनावण्या घेतल्या. लोक येऊन सांगायचे की आमची वस्ती कुठे संपते, आम्हाला कुणाबरोबर ठेवा, कुणापासून तोडू नका. कच्चा नकाशा लोकांपुढे ठेवून बदललाही. २०१३च्या शेवटी तो पक्का झाला आणि २०१४ मध्ये पहिली निवडणूक झाली. एका वॉर्डात शेवटची लढत चक्क सख्ख्या बहीण-भावात, तीही पूर्वेकडच्याच. भाऊ जिंकला :)

पण एक गोष्ट मनाला लागते. वॉर्डाचा फायदा एकत्र राहणाऱ्यांनाच होतो. २००० ते २०१० या काळात ऑस्टिन वीस टक्क्यांनी वाढलं, पण काळ्या लोकांची संख्या तिथे घटली. पूर्वेकडची घरं महाग झाली आणि माणसं शहराबाहेर गेली. ज्यांना आधी रेघेपलीकडे ढकललं, त्यांच्या बाजूची रेघ आली तेव्हा त्यातले कितीतरी तिथे उरलेच नव्हते. आणि घरं महाग होण्यात आमच्यासारख्या पगारवाल्यांचाही हात आहेच की.

आता पुण्याला परत आलोय. आपल्याकडे २००२ मध्ये तीनचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा वॉर्ड, २०१२ मध्ये दोनचा, २०१७ मध्ये चारचा. रेघा किती वेळा बदलल्या! प्रारूप प्रशासन करतं आणि मग हरकती-सूचना मागवतं. चौदा नागरिकांच्या हातात पेन्सिल देण्याची सोय नाही, हे खरं. पण हरकत नोंदवायचा हक्क तरी आहे ना? मी आजवर एकही नोंदवलेली नाही. वडापाव खात 'सिस्टीम खराब आहे' असं म्हणायला मात्र मी नेहमी पुढे.

असो. पुढच्या वेळी प्रारूप आलं की आधी नकाशा उघडून आपली गल्ली शोधणार. तुम्हीही शोधा.